दहावी फिन

धोंडिराम गायसमुद्रेला उभ्या आयुष्यात कुणी लबाड म्हटलेलं नाही. हट्टी म्हटलं, घुम्या म्हटलं. बायको तर 'तुमच्या तोंडाला कुलूप लावलंय का हो' असं दिवसाआड विचारायची. पण लबाड कुणी म्हटलं नाही, आणि कामात तर बिलकूल नाही. त्यामुळे चौसष्टाव्या वर्षी या माणसाने जे करून ठेवलं ते सांगताना जीभ अडखळते. पण सांगायला तर हवं.

नाहूर स्टेशनपासून दहा मिनिटांवर एक जुनी इंडस्ट्रियल इस्टेट आहे, तिच्या मागच्या रांगेत त्याचा गाळा. पूर्वी तिथे लेथचा, प्रेसचा एवढा गोंगाट असायचा की शेजारच्या गाळ्यात बोलायचं तर खुणा कराव्या लागत. आता अर्ध्या गाळ्यांत ऑनलाइन मालाची गोदामं झालीत. आत पोरं कानात हेडफोनची बोंडं घालून खोक्यांना पट्ट्या चिकटवत असतात. धोंडिराम सकाळी कुलूप काढतो तेव्हा त्यांतल्या एकाचीही मान वर होत नाही. हाही बाबा काही बोलत नाही म्हणा. चौदा एप्रिल आणि सहा डिसेंबर सोडले तर गाळा बंद नसतो, आणि कित्येक दिवस असे जातात की उघडल्यापासून बंद करेपर्यंत त्याच्या तोंडून एक शब्द निघत नाही.

त्याचं काम एकच. जुन्या मोटरसायकलच्या इंजिनावर बाहेरून पातळ पानांची चळत असते, तिला फिन्स म्हणतात. इंजिन तापलं की ती उष्णता या फिन्स हवेला देऊन टाकतात. गाडी पडली, कुणी आपटली, की त्या मोडतात. एखाददुसरी मोडली तर गाडी चालत नाही असं नाही, पण तेवढ्या जागी इंजिन जास्त तापतं, आणि दिसायला तर समोरचा दात पडल्यासारखं दिसतं. त्या मोडलेल्या फिन्स जोडायच्या, वाकलेल्या सरळ करायच्या, हे धोंडिरामचं काम. असं की जोड कुठे आहे ते मालकाला सापडता कामा नये. कल्याणपासून वांद्र्यापर्यंतचे जुन्या गाड्यांचे शौकीन त्याच्याकडे इंजिन पाठवतात. स्वतः येत नाहीत, पाठवतात. डिलिव्हरीवाला खोका ठेवतो, सही घेतो, निघून जातो.

बायको मीरा चार वर्षांपासून पुण्याला. मुलाला, सम्यकला, मुलगी झाली तेव्हा दोन महिन्यांसाठी म्हणून गेली. मग नातीचं दुखणं, मग सुनेची नोकरी, मग नर्सरी. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल येतो. मीरा नातीला पुढे धरते, नात कॅमेऱ्याला नाक लावते, धोंडिराम हसतो. 'जेवलात का?' 'जेवलो.' 'काम आहे का?' 'आहे.' झालं, संपला कॉल. 'तुम्हीच या ना इकडे' असं मीरा सुरुवातीला म्हणायची, तर हा म्हणे, काम आहे. आणि 'तू परत ये' हे याच्या तोंडातून कधी निघालं नाही. तिला कळत नाही का, असं याचं म्हणणं. घ्या आता.

जान्हवी तावडे पहिल्यांदा आली ती एका शनिवारी, अकराच्या सुमाराला, स्कूटरच्या पायाशी गोणी ठेवून. तिशीची पोरगी, वांद्र्याला कुठल्याशा विम्याच्या ऑफिसात. गोणीत तिच्या वडिलांच्या येझदी मोटरसायकलचं इंजिन होतं, सुटं केलेलं. वडील वर्षापूर्वी गेले. मुलुंडची त्यांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, सामान हलवताना हमालांनी ही गोणी पहिल्या मजल्यावरून खाली सोडली.

"सोडली म्हणजे दोरीने नाही काका, सरळ सोडली," ती म्हणाली. "वाट लागली ना सगळी?"

धोंडिरामने एकेक भाग काढून लाकडी ठोकळ्यावर ठेवला. सिलिंडरच्या पाच फिन्स तुटलेल्या, वरच्या हेडच्या चार. हेडच्या आणखी दोन वाकल्या होत्या. त्याने खिळा घेऊन उरलेल्या फिन्सवर हलकेच वाजवून बघितलं. शाबूत फिन टणकन वाजते, तडा गेलेली मुकी राहते.

"होईल," तो म्हणाला.

"किती दिवस?"

आता हे नीट ऐका, कारण पुढच्या सगळ्याचं मूळ इथे आहे. सिलिंडर बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो. बीड तापवून पितळेने जोडलं की लगेच उघड्यावर ठेवता येत नाही, रात्रभर राखेत पुरून हळूहळू गार करावं लागतं, नाहीतर तडकतं. म्हणजे बीडाची एक फिन एका दिवसाची, हे खरं. पण हेड ॲल्युमिनियमचं. तिथे आर्गन गॅसचं वेल्डिंग मारलं, कानस फिरवली, की झालं. धोंडिरामच्या हाताला चार फिन्स म्हणजे एका दिवसाचं काम. सगळं मिळून आठवडा फार झाला.

"बघायला येणार का मधून?" त्याने विचारलं.

"चालेल तुम्हाला? मला बघायचंच होतं. बाबा स्वतः सगळं खोलायचे, मी नुसते पाने द्यायचे हातात."

"मग शनिवारी ये. एका शनिवारी एकच फिन होते," धोंडिराम म्हणाला. "जुनं मेटल आहे. घाई केली तर उष्णता पसरते."

ही पहिली थाप. थाप मारली हे त्याचं त्यालाही नीट कळलं नसावं. पण तोंडातून निघून गेली, आणि ती पोरगी म्हणाली, "ओके, शनिवार फिक्स."

मग ती येत राहिली. येताना आईच्या हातच्या आंबोळ्या डब्यात, सोबत कधी खोबऱ्याची चटणी, कधी काळ्या वाटाण्याचं सांबार. उलटी बादली ओढून बसायची आणि बोलायला लागायची. ऑफिसातली खडूस मॅनेजर, भाड्याच्या घरातला पाण्याचं टायमिंग, गाडी बंद पडली की बाबा शिव्या न देता तिला 'बाईसाहेब' म्हणून कसा मस्का लावायचे, सगळं. धोंडिराम हूं हूं करायचा. पण हाताने शिकवायचा. वाकलेली फिन सरळ करायची तर आधी साबणाची वडी घासायची, मग मागून ज्योत द्यायची; साबण काळा पडला की समजायचं मेटल नरम झालं, आता लाकडाच्या पाचरीने हळूहळू उचलायची. जान्हवीने पहिली वाकलेली फिन स्वतः उचलली तेव्हा तिचे डोळे भरून आले. धोंडिरामने मान फिरवून कानस शोधल्यासारखं केलं. त्याला अशा वेळी काय बोलायचं ते येत नाही.

बाकीचे सहा दिवस तो त्या शनिवारासाठी काढू लागला. शुक्रवारी गाळा झाडायचा. चहाचा दुसरा ग्लास आणून ठेवला. एकदा तर दाढी करून आला, तेव्हा समोरच्या गोदामातल्या पोराने चक्क वर बघितलं. एवढ्या वर्षांत त्याला कुणाची वाट बघायची सवय राहिली नव्हती, आणि ती एकदा लागल्यावर त्याला भीती वाटायला लागली. कारण फिन्स नऊच होत्या. पाच झाल्या, सहा झाल्या. आठव्या शनिवारी त्याने मुद्दाम जोड जाडा ठेवला आणि 'हा पुढच्या वेळी घासू' म्हणाला. नवव्या शनिवारी नववी फिन झाली. जान्हवीने आपल्या हाताने खिळा वाजवून बघितला, टण.

"झकास," ती म्हणाली. "मग पुढच्या शनिवारी न्यायला येते. तुम्हाला एक सांगायचंही आहे."

काय सांगायचंय ते याने विचारलं नाही. विचारेल तर धोंडिराम कसला.

तो पुढचा आठवडा त्याने कसा काढला त्याचं त्यालाच ठाऊक. शुक्रवारी दुपारी हेड केरोसिनने धुतलं, ब्रशने घासलं, उजेडात धरलं. जोड दिसत नव्हता. त्यानेच केलेला, तरी त्यालाच शोधावा लागत होता. एकेका फिनवर खिळा वाजवला, सगळ्या वाजल्या. इतकं चांगलं काम त्याच्या हातून कैक वर्षांत झालं नव्हतं. आणि हे उद्या जाणार. उद्या ती येईल, हेड फडक्यात गुंडाळेल, थँक्यू काका म्हणेल, आणि त्याच्या पुढच्या शनिवारी अकरा वाजता इथे कोण असेल? कुणी नाही.

भिंतीवर पक्कड लटकत होती. त्याने ती घेतली. कडेची एक फिन, जिला काहीही झालं नव्हतं, जी येझदीच्या कारखान्यातून निघाली तशीच होती, ती त्याने पकडीत धरली. तडा आहे का बघू जरा, असं तो स्वतःशी म्हणाला. अरे बाबा, आत्ताच नाही का वाजवून बघितलीस? पण माणूस मनाला फसवायला निघाला की असंच बोलतो. एकदा इकडे वाकवली, एकदा तिकडे. तिसऱ्यांदा कट् असा बारीक आवाज झाला आणि अंगठ्याएवढा तुकडा पकडीत राहिला.

पंचेचाळीस वर्षं या धंद्यात. दुसऱ्यांनी मोडलेलं जोडलं, स्वतः कधी काही मोडलं नाही. तो बादलीवर बसला. मग त्याने उद्याचं वाक्य तयार केलं: जुनं मेटल, दम नव्हता, घासताना गेली. आणखी दोन शनिवार लागतील.

शनिवारी ती अकराला आली नाही. साडेनऊलाच आली, आणि स्कूटरवर नाही. इस्टेटच्या गेटाबाहेर सामानाने भरलेला टेम्पो उभा होता. त्यात दोरीने बांधलेलं कपाट, गाद्या, आणि मागे ताडपत्रीखाली येझदीचा सांगाडा. पुढच्या सीटवर तिची आई बसली होती.

"काका, नागपूरला बदली झाली," ती दारातूनच म्हणाली. आज ती बादलीवर बसली नाही. "पत्र मागच्या महिन्यातच आलं होतं. तुम्हाला सांगेन सांगेन म्हणत राहिले, जमलंच नाही. आता सरळ निघतोय. हेड द्या, बाकीचं मी भरते."

धोंडिराम उभाच राहिला. त्याने ठोकळ्यावरचं फडकं बाजूला केलं, आणि तिला दिसलं.

"हे काय?"

"जुनं मेटल," तो म्हणाला. "दम नव्हता. घासताना गेली."

जान्हवीने वाकून बघितलं. तिचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "जाऊ दे काका. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. नऊ केल्यात, एक राहिली. नागपूरला ऑफिसातल्या एकांच्या ओळखीचे मिस्त्री आहेत, इंजिन तेच बसवणार आहेत. तेही आर्गन करतात. ते जोडतील."

ही पोरगी त्यालाच समजावत होती. धोंडिरामच्या कानात एवढाच शब्द राहिला: मिस्त्री.

नागपूरचा असो की नागालँडचा, मिस्त्री तो मिस्त्रीच. तो हेड हातात घेईल, तुटलेली कड बघेल आणि एका नजरेत ओळखेल. घासताना गेलेली फिन अशी तुटत नाही. आणि दोन्ही बाजूंना पकडीच्या दातांचे ठसे स्वच्छ उमटलेत. तो जान्हवीला म्हणेल, मॅडम, ही कुणीतरी पकडीने तोडलीय. तिथे, आठशे किलोमीटरवर, ती एकटी उभी असेल, आणि तिला कळेल.

"थांब," धोंडिराम म्हणाला. "कड घासून देतो. हाताला लागेल."

त्याने बारीक कानस घेतली. चार हात मारले की ठसे गेले असते. कुणाला, अगदी कुणालाही कधीच काही कळलं नसतं. तिने हेड त्याच्यासाठी दोन्ही हातांनी धरलं, शनिवारी धरायची तसंच, अंगठे आत घेऊन, त्यानेच शिकवल्याप्रमाणे. त्याने कानस टेकवली. ती पुढे जाईना.

"घासताना नाही गेली," तो म्हणाला. "मी तोडली."

"हात सटकला असेल काका. होतं."

"सटकला नाही. पकडीने तोडली. काल. मुद्दाम."

तिने हेड हळूच ठोकळ्यावर ठेवलं. बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. ती त्या ठशांवरून बोट फिरवत राहिली.

"का?"

धोंडिरामने चष्मा काढला, परत घातला. "काम संपलं होतं," तो म्हणाला. "मग तू कशाला आली असतीस?"

तिने बोट ठशांवरून काढून घेतलं.

"ही बाबांची गाडी आहे," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण कापत होता. "हमालांनी पाडली तेव्हा मला एवढं लागलं नव्हतं. त्यांना काय माहीत होतं? तुम्हाला माहीत होतं."

"दोन तास दे. करून देतो. आत्ता देतो."

"नको."

"जान्हवी, जोड दिसणार नाही असा—"

"नको म्हटलं ना काका."

तिने फडक्यात हेड गुंडाळायला घेतलं. सिलिंडर, बाकीचे भाग, एकेक गोणीत भरलं. तो मदतीला पुढे झाला तर तिने नुसता हात आडवा केला. सगळं भरून झाल्यावर ती गोणीचं तोंड धरून तशीच उभी राहिली, आणि मग त्याच्याकडे न बघता बोलली.

"एका शनिवारी एकच फिन होते, हेही खोटं होतं. मला तिसऱ्याच आठवड्यात कळलं. मोबाइलवर बघितलं मी, लोक तासाभरात करतात. मी काही बोलले नाही. घरी आई दिवसभर बाबांच्या फोटोसमोर बसते, ऑफिसात तर काय सांगायचं. मलाही कुठेतरी जायला पाहिजे होतं ना. मी फिन्स बघायला नव्हते येत, काका. काम आठवड्यात संपलं असतं तरी आले असते. आजपर्यंत येत राहिले असते, बदलीचं पत्र आल्यावरसुद्धा." तिने नाक ओढलं. "तुम्ही नुसतं 'येत जा' म्हणायचं होतं. एवढंच. एवढं म्हणायला काय जात होतं तुमचं?"

पंचेचाळीस वर्षांत लोखंड, पितळ, ॲल्युमिनियम, सगळ्यांची नस धोंडिरामला कळली, आणि हे कुणी शिकवलंच नाही. शिकवलं असतं तरी शिकला असता का, देव जाणे.

टेम्पोवाल्याने पुन्हा हॉर्न दिला, आता लांब. जान्हवीने गोणी उचलली आणि दारापर्यंत गेली. तिथे थांबली. वळली. राग उतरला होता असं नाही, डोळे अजून लाल होते, पण ती थांबली होती, आणि सरळ त्याच्याकडे बघत होती. नागपूर काही दुनियेच्या टोकाला नाही. तिची आई मुंबईत वाढलेली, नवी बिल्डिंग उभी राहिली की घर इथेच. दिवाळीला येणार, गणपतीला येणार. आत्ताच, या मिनिटाला, ती सगळं हातात आणून देत होती, फक्त तोंड उघडायचं होतं.

धोंडिरामने तोंड उघडलं.

"हेड पालथं ठेवू नकोस," तो म्हणाला. "खालच्या सपाट फेसला ओरखडा पडला तर गॅस्केट बसत नाही. गादीवर ठेव."

तिने आणखी थोडा वेळ वाट बघितली.

"बरं," ती म्हणाली, आणि गोणी सांभाळत टेम्पोकडे गेली.